या चुका टाळा : थराथरानं रंगवलेलं मोठं तैलव्यक्तिचित्र

थरांच्या चित्रात चूक दिसते एकीकडे आणि झालेली असते दुसरीकडे. वरच्या रंगाला भेग पडली की बहुतेकदा दोष खालच्या थराचा असतो. म्हणून बिघाड शोधायचा तो खालून वर.

कापड आणि अस्तर

सोलापुरात कापडाला तोटा नाही, त्यामुळे साधा मांजरपाट चौकटीवर ताणून काम सुरू करायचा मोह होतो. छोट्या चित्राला तो चालून जाईल. ४ × ६ फुटांवर त्याला झोळ येतो. १० ते १२ औंसाचं घट्ट विणीचं कॅनव्हास घ्या. चौकटीला मधोमध आडवी पट्टी हवी आणि कोपऱ्यांत पाचरी हव्यात, म्हणजे झोळ आला तरी पाचर ठोकून ताण परत आणता येतो.

सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात व्हाइटिंग (खडूची) पावडर कालवून केलेलं घरगुती अस्तर स्वस्त पडतं, पण ते रंगातलं तेल पिऊन टाकतं. भिंतीचा प्रायमरही नको. अॅक्रिलिक जेसोचे (कॅनव्हासच्या तयार पांढऱ्या अस्तराचे) ३ हात द्या, एक उभा तर पुढचा आडवा. प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर फिरवा. शेवटच्या हातानंतर किमान २४ तास थांबा.

रेखाटन

मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे सरकलेले येतात. चौकोन पाडून तो फोटो कितीही इमानदारीनं मोठा केला तरी माणूस ओळखू येत नाही. फोटो ६ ते ८ फुटांवरून काढा. कॅनव्हास भिंतीला तिरका टेकवून रेखाटू नका. वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो आणि कपाळ नकळत लांबट होतं. तो सरळ उभा ठेवा, चेहरा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि दर १५–२० मिनिटांनी १० फूट मागे जाऊन पाहा.

वरून वाळलेलं, आतून ओलं

सगळ्यात जास्त चित्रं इथेच बिघडतात. टर्पेंटाइन उडून जातं, पण तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की पृष्ठभाग लवकर सुकतो आणि हाताला फसवतो. जाड रंग मग आतून ओलाच राहतो. त्यावर चटकन सुकणारा थर चढवला तर खालचा सुकताना हलतो आणि वरचा तडकतो. लवकर वाळावं म्हणून चित्र गच्चीवर उन्हात ठेवणारेही भेटतात. कॅनव्हास म्हणजे कडक भाकरी नव्हे. तेलकट थराला उन्हात सुरकुत्या पडतात.

नियम जुनाच आहे: खाली कमी तेल, वर जास्त. पहिला थर कच्च्या अंबरचा (मातकट तपकिरी रंगाचा), नुसत्या टर्पेंटाइननं पातळ केलेला. दुसऱ्या थराच्या मिश्रणात ४ भाग टर्पेंटाइनला १ भाग जवसाचं तेल, पुढे २ ला १, आणि शेवटच्या पारदर्शक थरांत फार तर १ ला १. अंबर एक-दोन दिवसांत सुकतो, कारण त्यात मँगनीज असतं. आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि अॅलिझरिन हा गडद लाल रेंगाळतात, म्हणून काळ्या रंगाचं जाड अंडरपेंटिंग (खालचं रंगकाम) करू नका. पुढचा थर चढवण्याआधी कडेला नख हलकेच दाबून पाहा. खूण उमटली तर आणखी आठवडाभर हात लावू नका.

तेल घाण्यावरचं आणू नका. खायचं जवसाचं तेल चटणीबरोबर उत्तम, चित्रात मात्र ते उशिरा वाळतं आणि पिवळं पडतं. टर्पेंटाइनही कलासाहित्याच्या दुकानातलं डिस्टिल्ड घ्या. रंगाच्या दुकानात त्याच नावानं बहुधा खनिज टर्पेंटाइन मिळतं, त्यात वार्निशची डामर राळ नीट विरघळत नाही.

भेग पडलीच, तर तिच्यावर रंग भरून उपयोग नाही. तेवढा भाग घट्ट थरापर्यंत खरवडा आणि तिथून पुन्हा चढत या.

चेहरा खडूसारखा किंवा चिखलासारखा

पारदर्शक थर प्रत्येक वेळी चित्र थोडं गडद करतो. अंडरपेंटिंगमधले उजेडाचे भाग हव्या त्या छटेपेक्षा एक पायरी उजळ ठेवले नाहीत, तर शेवटी टिटॅनियम पांढऱ्यानं उजेड ओढून आणावा लागतो आणि गाल खडूसारखे दिसतात. सावलीत काळा मिसळला की सावळ्या त्वचेचा चिखल होतो. तिथे बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) वापरा.

अंबरचे भाग सुकल्यावर फिके, मेलेले दिसले तर रंग बदलू नका. तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन अगदी पातळ पुसा, जास्तीचं लगेच टिपून घ्या. मूळ छटा परत दिसते.

तंतू, चिंध्या, वार्निश

यंत्रमागाच्या भागात हवेत कापसाचे तंतू असतात. वाळणारं चित्र भिंतीकडे तोंड करून, किंचित पुढे झुकवून ठेवा. ओल्या रंगातला तंतू ओढू नका. वाळल्यावर पात्यानं उचला. तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा उन्हाळ्यात आपोआप पेट घेऊ शकतो, तेव्हा त्या पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात टाका.

१२ जानेवारीला, सोलापूरच्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, चित्र लावायचं असेल तर उलटं मोजा. तयारी, अंडरपेंटिंग, रंगाचे थर आणि ३-४ पारदर्शक थर मिळून १२ आठवडे धरा, म्हणजे २० ऑक्टोबरच्या सुमारास कॅनव्हास ताणायला घ्यायला हवं. लावताना फक्त रीटच वार्निश, म्हणजे तात्पुरता पातळ हात. शेवटचं वार्निश ६ महिन्यांनी म्हणजे जुलैत येतं, पण दमट हवेत त्यावर पांढुरका धुरकटपणा चढतो. तेवढं काम पुढची दिवाळी उलटल्यावर, कोरड्या दिवशी करा.