वणवे लावणारा हात शोधायचा तर विझलेल्या छोट्या आगीपासून सुरुवात करा

वणव्याचा तपास शिकवताना मी पोरांना पहिल्या दिवशी मोठ्या वणव्यावर नेत नाही. तिथे सगळा गाव जमलेला असतो, ज्याची कलमं जळली तो बागायतदार संतापलेला असतो आणि चार-पाच नावं आधीच तोंडोतोंडी फिरत असतात. शिकायचं तर रस्त्याकडेला पेटून आपणहून विझलेला, घोंगडीएवढा काळा डाग बघावा. मोठ्या आगीत पुरावा जळतो आणि जळायचा राहिलेला विझवणाऱ्यांच्या पायाखाली जातो. एकच माणूस पुन्हा पुन्हा आगी लावत असेल, तर त्याच्यापर्यंत नेणारी वाट त्या फसलेल्या डागांमधून जाते.

मी सिंधुदुर्गात वनक्षेत्रपाल होतो, आता निवृत्त आहे. फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेले पट्टे, काढून झाल्या की नवे वनरक्षक, ठाण्यातले एक-दोन हवालदार आणि आसपासच्या गावांचे पोलीस पाटील असा वर्ग घेतो. एखाद-दुसरा बागायतदारही येऊन बसतो, त्याला हाकलू नये. असा वर्ग तुमच्या तालुक्यात घ्यायचा असेल तर कसा घ्यावा, ते सांगतो.

आधी ठरवा: मालिका की रीत

मालिका म्हणजे काय, याची अमेरिकेच्या एफबीआयची व्याख्या फळ्यावर लिहा. तीन किंवा जास्त आगी, वेगवेगळ्या वेळी लावलेल्या, आणि मधल्या काळात लावणाऱ्याचं डोकं थंड झालेलं. कोकणात मात्र एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे एकाच डोंगराला दर वर्षी आग लागते, म्हणून ती एकाच हाताची असते असं नाही. कोणी पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं माळरान, पेटवतो. कोणी काजू वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, जाळतो. कोणाला डुक्कर उठवायचं असतं. कोणाची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा भाजणं, बांध ओलांडून जाते. शिमग्याच्या आठवड्यात एका पंचक्रोशीत पाच ठिकाणी धूर दिसला, तर बहुतेक वेळा ते पाच वेगळे लोक असतात.

म्हणून शिकाऱ्याची सवय, शेतकऱ्याची रीत आणि मुद्दाम लावलेली मालिका ही तीन खाती वर्गातच वेगळी करून द्या. कोणती आग कोणत्या खात्यात जाते, हे जागा पाहिल्याशिवाय लिहायला देऊ नका.

सरावाच्या चौकटी

व्याख्यानाने हे येत नाही. जमीनमालकाची लेखी परवानगी आणि ग्रामपंचायतीला व वनखात्याला कळवून, सड्यावरच्या वाळक्या गवतात पाच-सहा चौकटी आखा. प्रत्येक चौकट खोलीएवढी पुरे. भोवती सगळीकडून रुंद पट्टा मातीपर्यंत साफ करायचा, पाण्याचा टँकर उभा ठेवायचा, फवारणीचे पंप भरून ठेवायचे, आणि सकाळी वारा मंद असताना एका वेळी एकच चौकट जाळायची. वारा वाढला की काम बंद. माझ्याकडे या नियमाला अपवाद नाही, मग पाहुणा म्हणून कितीही मोठा साहेब आलेला असो.

आग शिक्षकाने एकट्याने लावावी. कुठे, किती वाजता, कशाने हे कागदावर लिहून पाकीट बंद करावं. एक चौकट दोन टोकांनी पेटवा. एक पेटवून गड्यांकडून हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवून घ्या, म्हणजे झोडपण्याने खुणा कशा पुसतात ते कळेल. एका चौकटीत समोरून दुसरी आग सोडा. गावकरी वणवा थांबवायला असं करतातच आणि नवा तपासनीस त्या जागेला दुसरा आरोपी देऊन मोकळा होतो. राख गार झाली की पोरांना सोडा. सगळ्यांनी खूण केल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही.

जमीन वाचायची कशी

जळालेल्या जागेत थेट मध्यभागी चालत जायचं नाही. आधी कडेने पूर्ण फेरी मारायची. मग जिथून आग जोरात पुढे धावली त्या बाजूने आत शिरून, ती जिथून निघाली तिकडे उलटं सरकायचं. खुणांना झेंड्या लावा. धावत गेलेल्या आगीला लाल, बाजूला पसरलेलीला पिवळी, वाऱ्याविरुद्ध मागे सरकलेलीला निळी आणि पुराव्याला पांढरी. ही पद्धत अमेरिकेतल्या तपासनिसांची आहे आणि उत्तम आहे. शंभरेक झेंड्या लागल्या की उभं राहून नुसतं बघितलं तरी आगीची दिशा दिसते.

गवतावर जास्त वेळ घालवा, कारण सड्यावर दुसरं काही नसतंच. वाऱ्याबरोबर धावणारी आग काडी वरून खाली जाळते आणि आखूड खुंट ठेवते. वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग बुडाशी जाळते. वरचा भाग न जळता कोसळतो आणि तुऱ्यांची टोकं बहुतेक वेळा आग जिकडून आली तिकडे पडलेली दिसतात. पोरांना पोटावर झोपायला लावा. उभ्याने पाहणाऱ्याला नुसता काळा रंग दिसतो. जमिनीला गाल टेकला की शेकडो तुरे एका दिशेला पडलेले दिसतात, आणि मग विसरणं शक्य नसतं.

गडगा, म्हणजे दगडांची रचलेली कुंपणाची भिंत, हा आपल्याकडचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. आगीच्या समोरची बाजू काजळलेली, पाठीमागे गवताची हिरवट-पिवळी पट्टी शाबूत. कुंपणाची तार बोटांत धरून फिरवली तर एका अंगालाच काजळी लागते. करवंदीच्या जाळीची आगीकडची बाजू जळून खाली गेलेली असते, आडोशाची उभी असते. काजूची आणि ऐनाची कोवळी पानं उष्णतेने मऊ होऊन वाऱ्याच्या दिशेने वाकतात आणि तशीच ताठ होतात. एकाच खुणेवर भरवसा नको. पाच खुणा एक दिशा सांगत असतील आणि सहावी उलट, तर सहावीची नोंद करा, ती पुसू नका.

कोकणाची खास अडचण वाऱ्याची. सकाळी मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की सगळं फिरतं. दहाच्या सुमाराला लागलेली आग आधी पश्चिमेला जाते आणि दुपारनंतर तिचीच पूर्वेकडची मंद कड पेटून धावत सुटते. नवख्याला तिथे दोन आगी दिसतात. म्हणून वारा कधी फिरला, हे त्याच दिवशी विचारून घ्या. होडीवरचा नाखवा असेल तर त्याला विचारा, तो घड्याळ लावून सांगतो. घाटीच्या बाजूला चढ धरा. दर १० अंशांच्या चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि तिथे वाऱ्यापेक्षा उताराचं राज्य असतं.

आता सुरुवातीच्या जागेबद्दल. तिच्याजवळ आलात की खुणा गोंधळतात, लहान होतात, सगळ्या दिशा दाखवतात. इथे थांबायचं. दोऱ्या बांधून हातभर रुंदीच्या पट्ट्या करा, भिंगाने एकेक पट्टी पाहा, मग चुंबक फिरवा. ग्राइंडरचे किंवा गाडीतून उडालेले लोखंडी कण चुंबकाला चिकटतात. काडीचं जळकं टोक, बिडीचं थोटूक, अगरबत्तीची काडी यांना हात लावण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो, आणि उचलायचं ते हातमोजे घालून, कागदी पाकिटात.

बिडीवर ढकलू नका

पंचनाम्यात 'अज्ञात इसमाने टाकलेल्या बिडीमुळे' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की त्याचा शिक्का करून घ्यायला हरकत नव्हती. पडलेलं थोटूक वाळकं गवत पेटवतं, पण हवा फार कोरडी लागते. तपासाच्या अमेरिकन मार्गदर्शिका सापेक्ष आर्द्रता साधारण २२ टक्क्यांच्या खाली असावी असं धरतात. समुद्राकाठी दुपारी खारा वारा असताना हवा एवढी कोरडी नसते. म्हणून त्या वेळची आर्द्रता लिहा, मग बिडीचं नाव घ्या.

इतर कारणं एकेक करून तपासा. वर विजेच्या तारा आहेत का, असतील तर खाली वितळलेल्या ॲल्युमिनियमचे मणी आहेत का, सबस्टेशनच्या नोंदीत लाइन किती वाजता गेली. मात्र 'काहीच सापडलं नाही, म्हणजे कोणीतरी लावली' हा निष्कर्ष चालणार नाही. आगीच्या तपासाच्या एनएफपीए ९२१ या अमेरिकन मार्गदर्शिकेने २०११ च्या आवृत्तीत ही पद्धत अमान्य केली. कारण सापडलं नाही, तर 'कारण निश्चित नाही' असं लिहायचं. पोरांना हे लिहिताना कमीपणा वाटतो. तो काढून टाकणं हे शिक्षकाचं काम.

वही आणि नकाशा

इथून मालिकेचा खरा तपास सुरू होतो. प्रत्येक आगीला, ती कितीही लहान असो, वहीत एक ओळ. तारीख, वार, पहिला धूर दिसल्याची वेळ, वारा, रस्त्यापासून अंतर, सुरुवातीच्या जागी काय मिळालं, खबर कोणी दिली, विझवायला पहिला कोण पोचला. मग नकाशावर टाचण्या. आठवडा बाजाराचा वार, एसटीची वेळ, वडाप जीपची फेरी, कोणाची मुंबईहून ये-जा याच्याशी ताडून पाहा. रस्त्यापासूनचं अंतर वाढत किंवा कमी होत गेलं का, वेळ सरकली का, हेही.

उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो, त्याचा उपयोग वेळेसाठी करा. तो ठिपका म्हणजे आगीची सुरुवात नव्हे. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस उपकरणाचा एक चौकोन ३७५ मीटरचा असतो, मोडिस या दुसऱ्या उपकरणाचा सुमारे एक किलोमीटरचा. शिवाय उपग्रह वरून जाण्याआधी विझलेली छोटी आग त्यात येतच नाही, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते.

दोन गोष्टी वर्गात जरूर सांगा. कॅलिफोर्नियात २६ ऑक्टोबर २००६ ला एस्परान्झा वणवा लागला आणि विझवायला गेलेले पाच कर्मचारी मृत्युमुखी पडले. तो लावल्याबद्दल रेमंड ली ऑयलर याला २००९ मध्ये शिक्षा झाली. त्याचा डीएनए मिळाला होता तो त्या वणव्यात नव्हे, तर जूनमधल्या दोन लहान आगींच्या जागी पडलेल्या सिगारेटच्या थोटकांवर. दुसरा जॉन ऑर, ग्लेंडेलच्या अग्निशमन दलातला कॅप्टन आणि स्वतः आगींचा तपासनीस. जानेवारी १९८७ मध्ये बेकर्सफील्डच्या एका दुकानात लागलेल्या आगीतून न जळता राहिलेल्या कागदावर बोटाचा ठसा मिळाला. आगी तपासनिसांच्या परिषदेच्या आसपास लागतात, हे तिथल्याच एका अधिकाऱ्याने नकाशा आणि तारखा मांडून ओळखलं आणि दोन परिषदांना हजर असलेल्यांची यादी केली. पहिल्या तुलनेत ठसा जुळला नाही, १९९१ मध्ये ऑरशी जुळला. कोणी हसत विचारलं, 'साहेब, म्हणजे आपलाच माणूसही?' तर होय म्हणा. पहिला पोचणारा आणि पहिली खबर देणारा, दोन्ही रकाने त्यासाठीच आहेत. त्या रकान्यातला माणूस बहुतेक वेळा नुसता चांगला शेजारी असतो, हेही त्याच दमात सांगा.

विचारपूस

नाव विचारू नका. 'कोणी लावली?' विचारलं की दारातच उत्तर मिळतं, "माका काय म्हायत नाय." किंवा जमिनीच्या जुन्या भांडणातलं नाव मिळतं, ते त्याहून वाईट. विचारायचं ते असं: धूर पहिल्यांदा कुठून दिसला, तेव्हा तुम्ही काय करत होता, पांढरा होता की काळा, गुरं कुठे होती. "मी काजी येचत हंय, धूर सड्यार वर दिसलो," एवढं वाक्य मिळालं तरी त्या बाईला त्याच जागेवर उभी करून हात दाखवायला सांगा आणि दिशा होकायंत्रावर लिहा. दोन जागांवरून दोन दिशा मिळाल्या की नकाशावर रेघा कापतात. गुराखी, वडापवाला आणि शाळेतली मुलं सरपंचापेक्षा उपयोगी पडतात. गावाने सांगितलेलं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दुमडून ठेवा. जमीन वाचून होईपर्यंत ते उघडायचं नाही.

व्हॉट्सॲपवर फिरलेला फोटो घेऊ नका, त्यात वेळ-जागेची माहिती गळून जाते. ज्याच्या मोबाइलने काढला त्याच्याकडून मूळ फाइल घ्या, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र तेव्हाच करून घ्या. सहा महिन्यांनी तो माणूस नालासोपाऱ्याला असतो.

कागद कोणाकडे जाणार

राखीव वनात आग असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६, आणि गुन्हा वनखात्याकडे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात जळतं ते मुख्यतः मालकीचं रान आणि बागा. तिथे पोलीस आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२६, खंड (च). शेतमालासह मालमत्तेचं आगीने नुकसान, सात वर्षांपर्यंत शिक्षा. एका मालिकेतल्या आगी अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे नोंदल्या जातात आणि दोन्ही फायलींना एकमेकींचा पत्ता नसतो. म्हणून हवालदार आणि वनरक्षक एकाच वर्गात बसवायचे आणि वहीची नक्कल दर सोमवारी दोन्हीकडे द्यायची. मुद्देमालाच्या पाकिटावर कोणी उचललं, कोणाला दिलं, किती वाजता, याची साखळी सहीसकट हवी. जप्तीचं चित्रीकरण मोबाइलवर करा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे ते आता बंधनकारक आहे.

वर्ग संपताना प्रत्येक गाडीत एक पेटी ठेवून द्या: चार रंगांच्या झेंड्या, दोरी, खिळे, भिंग, चुंबक, होकायंत्र, मोजपट्टी, हातमोजे, कागदी पाकिटं, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि वही. होळीच्या आधी पेटी उघडून बघा. झेंड्या हमखास कोणीतरी लग्नाच्या मांडवाला नेलेल्या असतात.