पंथ सोडल्यावर आपली श्रद्धा कशी तपासावी

कडक पंथातून बाहेर पडलेल्या माणसाला लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मग आता देव मानता की नाही?” त्याचं उत्तर द्यायच्या फंदात इतक्यात पडू नका. विचारणाऱ्याचं कुतूहल तेवढ्यापुरतं असतं, तुमची मात्र त्या प्रश्नात रात्र जाते. शिवाय तो एक प्रश्न नाहीच. देव, प्रमुखांचा अधिकार, ग्रंथ, नियम, पापाची भीती, सभेतली माणसं, पहाटेची प्रार्थना, हे सगळं आपल्याला एकत्र शिकवलेलं असतं. यातलं एक जरी नाकारलंत तर बाकीचंही हातचं जाईल, हेही त्याच दमात शिकवलेलं असतं. ही शेवटची गोष्ट खोटी आहे, एवढं धरून सुरुवात करता येते.

माझा जन्म पंथातच झाला आणि चौतिसाव्या वर्षी मी बाहेर पडले. पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासते, त्यामुळे पुढच्या सांगण्यात ती सवय डोकावेल. पंथाचं नाव सांगत नाही. वाचताना बऱ्याच जणांना तो आपलाच वाटेल, कारण या सगळ्यांची घडण फार वेगळी नसते.

आधी व्यवहार

ज्यांच्या घरात राहता, ज्यांच्यावर पोट अवलंबून आहे, ती माणसं अजून पंथात असतील तर शंका मोठ्याने बोलून दाखवण्याची घाई करू नका. ओळखपत्रं, शिक्षणाचे दाखले, बँकेची कागदपत्रं आधी स्वतःच्या ताब्यात आणा. पंथातल्या कुणाला आपले पासवर्ड माहीत असतील तर ते बदला. पंथाशी संबंध नसलेला निदान एक माणूस असा हवा, ज्याला रात्री फोन करता येईल. जगणंच नको असं वाटू लागलं तर श्रद्धेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आपण काही गुन्हा करतो आहोत असं वाटत असेल तर एक माहिती असू द्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या १८ व्या कलमात, १९४८ सालीच, धर्म किंवा विश्वास बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत नोंदवलेलं आहे. मला ते वाचून भीती गेली नाही, पण पाठ जरा ताठ झाली.

भीती आणि विश्वास वेगळे मोजा

याला सर्वात जास्त वेळ द्या, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. सभेला जाणं बंद केल्यावर कितीतरी महिने, आकाशात वीज कडाडली की माझ्या पोटात गोळा यायचा. “बघ, अजून तुला वाटतं ना!” असं मनच म्हणायचं. पण त्या क्षणी मला कुणी शांतपणे विचारलं असतं की वीज तुझ्यासाठी पडते का, तर मी नाही म्हटलं असतं. शरीर घाबरत होतं, मत मात्र बदललेलं होतं. लहानपणापासून हजारो वेळा जोडलेली भीती मत बदललं म्हणून लगेच उतरत नाही. म्हणून ती अजून येते हा कशाचाही पुरावा नाही, ना देवाच्या कोपाचा, ना तुमच्या ढोंगाचा.

ती दाबूही नका. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका असं सांगितलं. त्यांना तो वारंवार आलाच, आणि नंतर मोकळीक दिल्यावर, सुरुवातीपासून मोकळे असलेल्यांपेक्षाही जास्त आला. पंथात आपण शंका अशाच दाबत होतो. आता भीती तशीच दाबायची म्हणजे जुनीच पद्धत नव्या कामाला लावणं झालं.

त्याऐवजी भीती आली की एक ओळ लिहा: वेळ काय, आधी काय झालं, भीती नेमकं काय म्हणते. वाक्य पूर्ण लिहायला लावा. “काहीतरी वाईट होईल” हे चालणार नाही. काय होईल, कुणाला, कधीपर्यंत? “मी सभा चुकवली म्हणून महिनाअखेरपर्यंत भावाला आजार होईल” असं लिहिलं की ते तपासता येतं. काही आठवड्यांनी मागची पानं चाळा. माझ्या वहीत एक गोष्ट लगेच दिसली: भीतीच्या नोंदी जवळजवळ सगळ्या झोप कमी झालेल्या दिवसांच्या होत्या.

एक वेगळा प्रकार मात्र ओळखून ठेवा. एकच प्रार्थना बरोबर झाली नाही म्हणून पुन्हापुन्हा म्हणणं, मनात आलेल्या शब्दाची माफी तासन्‌तास मागत राहणं, पाप झालं का हे दहा जणांना विचारणं, हे दिवसाचे तास खात असेल तर त्याला श्रद्धेचा प्रश्न समजू नका. हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा एक प्रकार असू शकतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. कितीही तत्त्वचर्चा केली तरी तो हलत नाही.

तयार वाक्यं

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने चीनमधल्या विचार-परिवर्तनाच्या मोहिमेतून गेलेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये अशा बंदिस्त वातावरणाची आठ लक्षणं मांडली. त्यातलं एक लक्षण भाषेचं आहे. छोटी, पाठ होणारी वाक्यं असतात, आणि ती उच्चारली की विचार तिथेच थांबतो. आमच्याकडे “शंका हा अहंकाराचा आवाज आहे” हे वाक्य होतं. कुठल्याही प्रश्नाला ते बसायचं. पैसे कुठे गेले, या प्रश्नालासुद्धा.

आपल्या पंथातली अशी वाक्यं आठवतील तशी लिहून काढा आणि प्रत्येकापुढे त्याचा साधा अर्थ लिहा, बाहेरच्या माणसाला कळेल असा. “तिची परीक्षा चालू आहे” याचा साधा अर्थ: तिचा नवरा तिला मारतो आणि ज्येष्ठांनी तिला परत पाठवलं. हे काम बसून करा आणि एका बैठकीत फार करू नका. काही ओळी लिहिल्यावर पुढचे दोन दिवस राग येतो. तो येऊ द्या.

पावती मागा

हिशेब तपासताना खर्च मोठा की छोटा हे मी नंतर बघते, आधी पावती बघते. विश्वासाच्या बाबतीतही तसंच करा. एका वेळी एकच विधान घ्या आणि विचारा: हे मला कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? मी हे मानल्याने त्याला काय मिळत होतं? मी हे स्वतः कधी पडताळलं, की नुसतं ऐकलं? सुरुवात देवापासून करू नका. ज्यावर झोप उडणार नाही असं काहीतरी घ्या: अमुक रंगाचे कपडे, संगीतावरची बंदी, बाहेरच्या माणसांच्या हातचं न खाणं. छोट्या विधानांवर हात बसला की मोठ्यांकडे वळा.

“पण ते मला आतून खरं वाटतं” असं मन म्हणेल. इथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. १९७७ च्या एका प्रयोगात हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी लोकांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ऐकवली. पुन्हा ऐकलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत वा खोटी. तीन वेळा ऐकून ही अवस्था, आपण तर वीस-तीस वर्षं रोज ऐकलेलं असतं. दुसरी गोष्ट “प्रमुखांनी माझ्या मनातलं ओळखलं” या अनुभवाबद्दलची. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एकेक कागद दिला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी चारहून जास्त गुण दिले. सगळ्या कागदांवर तोच मजकूर होता. “तू बाहेरून शांत दिसतेस, पण आत खूप खळबळ आहे,” हे मला सोळाव्या वर्षी सांगण्यात आलं होतं. सोळाव्या वर्षी कुणाच्या आत खळबळ नसते?

तरीही आपले अनुभव खोटे होते असं म्हणून फेकून देऊ नका. शेकडो माणसं एका सुरात गात असताना अंगावर काटा यायचा, डोळे भरून यायचे, आपण कुणीतरी मोठं आहोत असं वाटायचं. ते घडलं होतं. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम यांनी १९१२ मध्येच अशा सामूहिक उचंबळाबद्दल लिहून ठेवलं आहे, आणि तो कुठल्या एका पंथाच्या मालकीचा नाही. अनुभव तुमचा, त्याचं स्पष्टीकरण पंथाचं. पावती स्पष्टीकरणाची मागायची.

पालटायचं कशाने, हे आधीच लिहा

२२ ऑक्टोबर १८४४ ला येशू परत येणार, असं अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या हजारो अनुयायांनी धरलं होतं. दिवस उलटला आणि काही झालं नाही. बरेच जण सोडून गेले. काहींनी मात्र असं ठरवलं की तारीख बरोबरच होती, घटना पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गात घडली. त्यांना हसणं सोपं आहे. पण वस्तुस्थिती समोर आल्यावर अर्थ लावायला बसलं की मन हवा तो अर्थ काढतंच, आणि हे श्रद्धा सोडणाऱ्यांनाही लागू आहे. म्हणून आधी लिहा: काय दिसलं तर मी हे मानेन, आणि काय दिसलं तर सोडेन? दोन्ही बाजू लिहा. मग कागद ठेवून द्या आणि पंथाचा इतिहास वाचा, त्यांनी छापलेला आणि इतरांनी लिहिलेला, दोन्ही. जुन्या आवृत्त्या मिळाल्या तर सोडू नका. “अनादी” म्हणून सांगितलेला नियम आपल्याच हयातीत बदललेला सापडणं, यासारखं डोळे उघडणारं काही नाही.

लिहिण्याबद्दल एक सूचना. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात लोकांनी रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस, मनातल्या जखमांबद्दल लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. तेव्हा लिहून लगेच हलकं वाटलं नाही तर काही बिघडलं असं समजू नका. वेळ बांधून घ्या, आणि नंतर करायला एखादं हाताचं काम ठेवा.

काय ठेवायचं

मला पहाटे अर्धा तास गप्प बसायला आवडतं. पंथाने लावलेली सवय, पण ती मी ठेवली. दर आठवड्याला स्वतःच्या चुका लिहून ज्येष्ठांना द्यायची पद्धत होती, ती सोडली. एखाद्या गोष्टीबद्दल ठरत नसेल तर महिनाभर ती बंद करा. उणीव भासली तर नेमकी कशाची, ते बघा: शांततेची, माणसांची, गाण्याची, की फक्त आज्ञा पाळल्याच्या समाधानाची? पहिल्या तीन गोष्टी दुसरीकडेही मिळतात. कुणी याच वाटेने जाऊन आपल्या मूळ धर्मातल्या एखाद्या सौम्य परंपरेत स्थिरावतं, कुणी नास्तिक होतं, कुणी मधेच राहतं. मी मधेच आहे आणि मला तिथे गुदमरत नाही.

सावध राहायचं ते नव्या कडकपणापासून. ज्या गटाकडे, मग तो बुद्धिवाद्यांचा का असेना, सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार आहेत आणि जो जुन्या माणसांशी बोलणं तोडायला सांगतो, तिथे वर्गणी भरण्याआधी थांबा.

पापाची यादी गेल्यावर बरं-वाईट कसं ठरवायचं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. अपराधी वाटलं की आधी विचारा, यात कुणाला त्रास झाला? झाला असेल तर त्या माणसाकडे जा आणि भरपाई करा. कुणालाच झाला नसेल तर ती बहुधा जुनी यादीच बोलते आहे.

मदत घेताना आणि घरच्यांशी बोलताना

समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत विचारा की पंथ सोडलेल्या माणसांबरोबर काम केलं आहे का, आणि तुमच्या मते श्रद्धा असणं हाच आजार आहे का. “सोडून द्या हो, देवबिव काही नसतं” म्हणणारा आणि “पुन्हा प्रार्थना सुरू करा, बरं वाटेल” म्हणणारा, दोघेही टाळा. धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण ही मानसिक विकार न मानताही उपचारांत लक्ष देण्याजोगी बाब म्हणून १९९४ च्या डीएसएम-४ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत आली. मार्लीन विनेल या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वापरलेला ‘धार्मिक आघाताचा लक्षणसमूह’ हा शब्दप्रयोग कानावर येईल. ते अधिकृत निदान नाही, पण आपल्याला काय होतं ते सांगायला कामी येतो.

घरच्यांशी वाद घालून त्यांना बाहेर काढता येत नाही, निदान मला आलं नाही. आई फोनवर अजून विचारते, “प्रार्थना करतेस ना गं?” मी म्हणते, “आई, मी पहाटे बसते. त्यात काय करते ते माझ्यापाशी राहू दे. तुझ्या गुडघ्याचं सांग.” असं एक वाक्य आधी तयार करून ठेवा, खरं आणि छोटं. पंथातलं कुणी समजवायला आलं तर भेट घरी नको, सार्वजनिक ठिकाणी ठेवा. किती वेळ थांबणार ते सुरुवातीलाच सांगा, आणि ती वेळ झाली की बोलणं अर्धवट असलं तरी उठा.