वर्गाचा विकी कसा करायचा: मासे, भरती आणि आठवीची पोरं

वर्गात विकी सुरू करायचा म्हटलं की बहुतेक शिक्षक आधी ॲप कुठलं, वेबसाइट कुठली तेच विचारतात. मी म्हणेन ते नंतर बघू, आधी विषय ठरवा आणि विषय असा घ्या की जो नेटवर धड सापडणारच नाही. मी मालवणच्या बाजूला आठवी-नववीला शिकवते. पहिल्या वर्षी मी पोरांना सिंधुदुर्ग किल्ला दिला होता, तर सगळ्या गटांनी तेच लिहून आणलं, १६६४ ला बांधकाम सुरू झालं वगैरे, सगळं बरोबर आणि सगळं कॉपी-पेस्ट. एकमेकांच्या लिखाणाला हात लावायची गरजच पडली नाही, कारण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. दुसऱ्या वर्षी विषय दिला 'आपल्या बंदरावर येणारे मासे' आणि मग खरं काम सुरू झालं.

ज्यांना विकी म्हणजे फक्त विकिपीडिया माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विकी म्हणजे अशी पानं, जी वाचणाराच दुरुस्त करू शकतो आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी १९९५ ला सुरू केला, नाव हवाई बेटांवरच्या भाषेतलं, 'विकी विकी' म्हणजे झटपट. विकिपीडिया २००१ चा आणि आपला मराठी विकिपीडिया २००३ चा. वर्गासाठी यातल्या तीनच गोष्टी कामाच्या: पान, पानाचा इतिहास (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) आणि चर्चा पान (त्या पानाबद्दल एकमेकांशी बोलायची जागा). बाकी सगळं हळूहळू येतं.

आधी कागदावर

पहिला आठवडा कॉम्प्युटर चालूच करू नका. भिंतीवर कार्डशीट लावा, एका माशाला एक. पोरांनी त्यावर लिहायचं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर खोडायचं नाही, वर वेगळ्या रंगाच्या पेनने दुरुस्ती करायची आणि बाजूला आपलं नाव आणि कारण. झालं, हाच विकी. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी भांडण लागलं. एकाच माशाला एकीने लिहिलं सुरमई, दुसऱ्याने त्यावर लिहिलं इसवण, तिने परत सुरमई. मोरीचंही (म्हणजे शार्क) तसंच, एका मुलीचं आजोळ रायगडकडचं, ती म्हणे आमच्यात मुशी म्हणतात. मी मध्ये पडले नाही. दोघांना बाजूच्या कागदावर आपापलं म्हणणं लिहायला लावलं, कोण म्हणतं, कुठे म्हणतात, आणि शेवटी पोरांनीच ठरवलं की पान इसवणीच्या नावाने ठेवायचं आणि सुरमई शोधणाऱ्याला तिकडेच पाठवायचं. विकीवर याला पुनर्निर्देशन म्हणतात, पण तो शब्द त्यांना कळायच्या आधी त्यांना त्याची गरज कळली होती!

माहिती गोळा करायची वेळ

आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त करायचं काम चाललेलं असतं, म्हणजे माणसं घरी भेटतात. मुलाखती तेव्हाच उरकून घ्या, ऑगस्टनंतर कुणाला वेळ नसतो. प्रत्येक पोराने एका मोठ्या माणसाला विचारायचं: हा मासा कधी येतो, कशाने पकडतात, रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) मिळतो का, तुमच्या लहानपणी जास्त मिळायचा का. फोनवर रेकॉर्ड करायच्या आधी विचारायचं, ज्यांना नाव नको त्यांचं नाव घालायचं नाही.

साधन कुठलं घ्यायचं

नेट बरं असेल तर गुगल डॉक्स पुरे. एकाच वेळी १०० जण लिहू शकतात, त्यामुळे अख्खा वर्ग आरामात मावतो, आणि फाइल मेनूत आवृत्ती इतिहास आहे, त्यात कोणी काय लिहिलं, काय उडवलं ते रंगात दिसतं. फक्त एक करा, सुरुवातीला सगळ्यांना थेट लिहायची परवानगी न देता 'सुचवणे' या मोडमध्ये ठेवा म्हणजे दुसऱ्याचं वाक्य कायमचं गायब होत नाही.

पण आमच्याकडे पावसात नेट जातं, लाइट जाते, तुम्हाला माहितीच आहे. त्यासाठी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते डोकुविकी, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर विकी चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, याला वेगळा डेटाबेस लागत नाही, सगळी पानं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतात. लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर झॅम्पसारखा फुकट सर्व्हर घालून त्यात टाकायचं, बाकीचे कॉम्प्युटर लॅनने किंवा साध्या राउटरने जोडायचे आणि ब्राउजरमध्ये त्या पहिल्या कॉम्प्युटरचा आयपी नंबर (नेटवर्कमधला त्याचा पत्ता) टाकून उघडायचं, इंटरनेट अजिबात लागत नाही. शुक्रवारी जाताना अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं की बॅकअप झाला. एक गोष्ट लक्षात ठेवा, डोकुविकीत एक जण पान लिहायला बसला की ते दुसऱ्यासाठी काही मिनिटं बंद राहतं, मग पोरं ओरडतात की माझं उघडत नाही, म्हणून गटांना वेगवेगळी पानं वाटून द्या. आणि लॉगिन सुरू करा, नाहीतर इतिहासात कोणाचं नावच येणार नाही आणि अर्धी गंमत गेली.

टायपिंगचं पण सांगते. शाळांमध्ये अजून जुने मराठी फॉन्ट असतात, त्यात टाइप केलेलं विकीवर टाकलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. युनिकोडच वापरा, फोनवर जीबोर्ड, कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड. हळू टाइप करणाऱ्या पोराला फोनवर बोलून टाइप करू द्या, ती काय चोरी नव्हे.

भरतीचा तक्ता

लिहायचा कंटाळा असलेली पोरं असतातच, त्यांच्यासाठी मी एक सामायिक शीट केली. रोज एकाने भरतीची वेळ आणि तिथी भरायची. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. पोरांनी एका रकान्यात हिशोबाची वेळ घातली, दुसऱ्यात बघितलेली, आणि पंधरा दिवसांत त्यांना दिसलं की फरक वाढत जातोय. मग मी सांगितलं की हिशोब पाऊण तासाचा आहे, खरी भरती दिवसाला साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि शिवाय प्रत्येक किनाऱ्याला ती थोडी मागेपुढे असते. एवढं लक्ष देऊन विज्ञान ऐकताना मी या पोरांना आधी पाहिलं नव्हतं. ओळी एकट्याने भरून हे दिसलं नसतं, वेगवेगळ्या पोरांनी भरल्या म्हणून दिसलं.

मार्क कसे द्यायचे

किती शब्द लिहिले यावर अजिबात देऊ नका, पोरं पाल्हाळ लावतात. इतिहास उघडा आणि बघा, दुसऱ्याच्या पानावर काय केलं. एका मुलाने अख्ख्या सहामाहीत फक्त चार दुरुस्त्या केल्या होत्या, पण चर्चा पानावर लिहिलं होतं, "आजो म्हणता ह्यां तसां नाय", आणि खाली आजोबांनी सांगितलेलं जाळ्याचं खरं नाव आणि ते कसं ओढतात ते. मी त्याला पूर्ण मार्क दिले. दुसऱ्याचं वाक्य नुसतं उडवलं आणि कारण दिलं नाही तर मात्र मार्क कापते, आधीच सांगून ठेवते. आणि चर्चा पानावर मालवणीत लिहू द्या, मुख्य पानावर प्रमाण मराठी, पोरं दोन्ही नीट सांभाळतात.

बाहेर टाकायचं असेल तर

हे सगळं मराठी विकिपीडियावर टाकूया असं पोरं म्हणतातच. तिथे आजोबांनी सांगितलेलं चालत नाही, छापील किंवा पडताळता येईल असा संदर्भ लागतो, हे पोरांना नीट समजावून सांगा, नाहीतर लिहिलेलं उडवलं गेलं की हिरमुसतात. सरावाला तिथे धूळपाटी आहे, तिथे काहीही लिहून बघता येतं. स्वतः काढलेले माशांचे, होड्यांचे फोटो मात्र विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाला जोडलेला फोटोंचा साठा) नक्की द्या, पण ते तिथे मोकळ्या परवान्याखाली जातात, जगात कोणीही वापरू शकतं, हे आधी घरी सांगून परवानगी घ्या. खात्याला खरं पूर्ण नाव नको, चेहरे नकोत, फोन नंबर तर नाहीच. वर्गाचा विकी वर्गातच राहिला तरी काही बिघडत नाही.

एप्रिलमध्ये विकी बंद करून टाकू नका, पेनड्राइव्ह जपून ठेवा. जूनमध्ये नवीन आठवी आली की त्यांना पहिलं काम एवढंच द्या: मागच्या वर्गाच्या पानात एक चूक शोधा आणि घरी विचारून या.