गुहेतल्या संगमरवराचे रंग फोटोत आणायचे तर

समोर तांबूस-करड्या पट्ट्यांची भिंत, आणि फोटोत मात्र नुसता पांढरा भपका.

आधी फ्लॅश बंद करा. टॉर्च लावायला परवानगी असेल तर बरोबरच्या माणसाला मोबाइलचा टॉर्च भिंतीच्या कडेने तिरपा धरायला सांगा. फोटो तुम्ही समोरून काढा. लोहामुळे आलेली तांबडी शीर, ग्रॅफाइटची काळसर रेघ लगेच उठून दिसते. ओली जागा निवडा, तिथे रंग गडद असतात. चकाकी आली तर अर्धं पाऊल बाजूला सरका. कोपर कठड्यावर टेकवा, हात हलत नाही.

भिंतीला मात्र बोटही लावू नका. हाताचं तेल लागलं की दगड काळवंडतो, पाण्यातून साचणारे खनिजांचे नवे थरही नीट धरत नाहीत.