प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला विषाणू सोडत नाही, तेव्हा घरी काय करावे

केमोथेरपी, प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा जन्मजात दोष यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाला उलट्या-जुलाब करणारा साधा नोरोव्हायरसही आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने सोडत नाही. जुलाब थांबतात, मूल खेळू लागतं, पण शौचातून विषाणू बाहेर पडतच असतो. तेव्हा बरं वाटल्यावरही काळजी चालू ठेवायची.

आधी एक वही करा. ताप किती, किती वाजता, शौचाला किती वेळा, वजन किती. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) किंवा अ‍ॅडिनोव्हायरस असेल तर रक्तातला ‘व्हायरल लोड’, म्हणजे विषाणूचं प्रमाण, पुन्हापुन्हा मोजतात. ही तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. दोन लॅबच्या आकड्यांची तुलना करून उगाच घाबरायला होतं.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करून निघा. त्यांना विचारण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो.

हात साबण-पाण्यानेच धुवा. नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझरचं फारसं चालत नाही. पाणी खळखळ उकळून, झाकून ठेवा. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसची (गिलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जिवाणूबरोबर नोरोव्हायरसही सापडला होता. सोसायटीची टाकी ‘नुकतीच साफ केलीय’ एवढ्यावर विसंबू नका.

लसींचं मात्र नीट समजून घ्या. पोलिओच्या थेंबांत जिवंत, दुर्बळ केलेला विषाणू असतो. तो या मुलांच्या आतड्यात वर्षानुवर्षं टिकू शकतो. म्हणून हे थेंब अशा मुलाला तर नकोतच, घरातल्या धाकट्या भावंडालाही नकोत. भावंडाला पोलिओचं इंजेक्शन द्यावं. पल्स पोलिओच्या ताई दारात आल्या की हे स्पष्ट सांगा, संकोच करू नका. घरातल्या मोठ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा सुचवणारच. त्याने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

वर्गात कुणाला कांजिण्या आल्या, तर अंगावर फोड यायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) किंवा विषाणूविरोधी औषध द्यायचं की नाही, हे त्यांना लवकर ठरवावं लागतं. अशी बातमी लगेच कळवायला वर्गशिक्षिकेला आधीच सांगून ठेवा.