स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवरावरचा अर्कर्ट किल्ला बघायला जाताय? मग हे वाचा

इन्व्हरनेसहून जाणार असाल तर अर्कर्ट कॅसलचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, सीझनला खूप गर्दी असते आणि पार्किंग लहान आहे, त्यापेक्षा ड्रमनाड्रॉकिट गावावरून पुढे जाणारी बस घ्या, किल्ल्यापाशीच उतरवते. आत गेल्यावर आधी ग्रँट टॉवर चढा, जिना गोल आणि अरुंद आहे, पण वरून अख्खं लॉख दिसतं, खरंच सोडू नका! मग गेटहाऊसचे पडलेले दगड नीट बघा, 1692 मध्ये किल्ला सोडताना सरकारी सैनिकांनीच ते सुरुंगाने उडवलं, जॅकोबाइटांच्या (पदच्युत राजा जेम्सच्या समर्थकांच्या) हाती लागू नये म्हणून. किल्ल्यात छत जवळजवळ कुठेच नाही, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपीवालं रेनजॅकेट बरं, वारा फार असतो. आजीआजोबा सोबत असतील तर परतीचा चढ लक्षात ठेवा.