बर्कलीत नव्याने येणाऱ्यांसाठी: सिगारेट, गायछाप आणि गांजा

ऑगस्टमध्ये आपल्याकडची मुलं इथे कॅलिफोर्नियात शिकायला यायला लागली की कुकर आणावा का, कणीक कुठे मिळते, हे सगळे विचारतात. सिगारेटचं कुणी विचारत नाही. मोठ्या माणसाला विचारायची लाज वाटते. म्हणून न विचारताच सांगते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसवर, म्हणजे बर्कलीतही, १ जानेवारी २०१४ पासून तंबाखूला पूर्ण बंदी आहे. सिगारेट ओढायचा राखीव कोपरा शोधू नका, तो नाहीच. हॉस्टेलच्या मागे नाही, पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीतही नाही. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, त्यातच आली. आणि तोंडात धरायची तंबाखूसुद्धा! "मी कुठे धूर सोडतोय?" हे गायछापवाल्याचं उत्तर इथे चालत नाही. मिश्री, मावा, पुड्या घरीच ठेवून या. चुन्याची डबी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला समजावत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्या डोक्यात एक हिशोब पक्का असतो: नियम गेटपर्यंत, गेटबाहेर टपरी. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला भारतातही २००३ च्या कायद्याने मनाई आहे, तरी कॉलेजबाहेरचा कटिंग आणि सुटी सिगारेट कुणाला नवीन नाही. बर्कलीत तसं होत नाही. कॅम्पसवरच्या स्प्राउल प्लाझा या चौकातून बँक्रॉफ्ट वे हा रस्ता ओलांडून टेलिग्राफ अव्हेन्यूवर आलात की विद्यापीठाचा नियम संपतो आणि शहराचा सुरू होतो. दुकानांच्या रस्त्यांवर फुटपाथवरही ओढता येत नाही. सुटी सिगारेट विकायला अमेरिकेत देशभर मनाई आहे. वय २१ च्या खाली असेल तर पाकीटही नाही. मेंथॉल आणि चवीच्या सिगारेटींची विक्री कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ पासून बंद आहे.

बरं, खोलीवर? एकापेक्षा जास्त घरं असलेल्या इमारतींत बर्कली शहराने २०१४ पासून धूम्रपान बंद केलं आहे, स्वतःच्या फ्लॅटमध्येसुद्धा. चौघांनी मिळून फ्लॅट घेताना भाडेकरारातलं ते कलम वाचा. भिंतींना वास बसला तर डिपॉझिटवरून वाद चौघांनाही निस्तरावा लागतो, ओढणारा एकटा असला तरी. स्मोक अलार्मला मोजा बांधायची आयडिया कुणीतरी देईलच. करू नका. तो फोडणीलाही वाजतो, तेव्हा खिडकी उघडायची.

संध्याकाळी 'बिग सी', म्हणजे टेकडीवरच्या भल्यामोठ्या C अक्षराकडे, चढून जायची नव्या मुलांना आवड असते. दृश्य सुरेखच आहे, पण ती टेकडीही विद्यापीठाचीच. शिवाय इथला पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंड-बर्कलीच्या टेकड्यांवर आदल्या दिवशी विझवलेली गवताची आग वाऱ्याने पुन्हा पेटली. २५ माणसं गेली, हजारो घरं जळाली. तिथे कुणी सिगारेट पेटवली तर स्थानिक लोक का चिडतात, ते यावरून समजून घ्या.

एरवी कुणी आरडाओरडा करणार नाही. विद्यापीठाचा भर समजावण्यावर आहे. एखादी मुलगी हसून सांगेल की हा कॅम्पस तंबाखूमुक्त आहे. सॉरी म्हणून विझवा, वाद घालू नका. बाकीचेही ओढतात, हे सांगून काही साधत नाही.

खरी भीती मला गांजाची वाटते. इथे २०१६ च्या मतदानानंतर २१ वर्षांवरच्यांना तो कायदेशीर आहे, रीतसर दुकानं आहेत, त्यामुळे मुलांना वाटतं की हरकत नाही. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात तो अजूनही गुन्हा आहे, आणि तुमचा व्हिसा तेच सरकार देतं. घेतल्याची नुसती कबुली दिली, तरी पुढच्या वेळी देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. म्हणून पार्टीतला फोटोही नको, गांजा घातलेल्या गमी गोळ्याही नकोत. तरी काही घडलंच, तर मित्रांचा सल्ला ऐकू नका. इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा, आणि तेही पुढचं तिकीट काढायच्या आधी.

सवय सोडायची असेल तर टँग सेंटर हे विद्यापीठाचं आरोग्यकेंद्र आहे, तिथे संकोच न करता बोला. 'किक इट कॅलिफोर्निया' ही राज्याची फुकट मदतही फोनवर मिळते. निकोटीनचा गम आणि पट्ट्या कॅम्पसवर चालतात.